परतीची बॅग

ज्येष्ठ लागला की वारीला निघणाऱ्या हौशी छायाचित्रकारांची विचारणा सुरू होते. लेन्स कुठली घेऊ, ट्रायपॉड नेऊ का, चार्जिंगची सोय कुठे होते, पाऊस लागला तर काय करायचं. प्रश्न रास्त असतात, पण सगळे जातानाच्या बॅगेबद्दल असतात. परत येताना त्या बॅगेत काय असेल आणि ते घरापर्यंत धड कसं पोहोचेल, हे फार थोडे विचारतात. मला तोच प्रश्न मोठा वाटतो. कॅमेरा हरवला तर पैसे साठवून दुसरा घेता येतो. दिवे घाटाच्या वळणावर, ढगातून क्षणभर ऊन पडलं असताना टिपलेली दिंडी हरवली तर ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून कॅमेऱ्याची बॅग भरायला बसावं ते परतीच्या दिवसाचा विचार करून.

आधी वजनाचा हिशेब मांडू, कारण तो कुणालाच चुकत नाही. देशांतर्गत विमानात साध्या वर्गाच्या प्रवाशाला बहुतेक कंपन्या हातातल्या सामानासाठी 7 किलोची मर्यादा घालतात. सोनीची ए-7 मार्क 4 ही बॉडी बॅटरी आणि कार्डासकट 658 ग्रॅमची. त्याच कंपनीच्या 24-70 एफ 2.8 लेन्सची नवी आवृत्ती 695 ग्रॅम, 70-200 ची नवी आवृत्ती 1045 ग्रॅम. इथेच जवळजवळ अडीच किलो झाले. पक्ष्यांसाठी 200-600 घेतली तर तिचे 2115 ग्रॅम, ट्रायपॉडची कॉलर धरली नाही तरी. साडेचार किलो भरले आणि अजून दुसरी बॉडी, लॅपटॉप, चार्जर, पाण्याची बाटली यांतलं काहीच घेतलेलं नाही. त्यात जाड पॅडिंगची, भरपूर कप्प्यांची, ट्रायपॉडला पट्टे असलेली बॅग रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते. चाकं असलेली तर त्याहून जड.

म्हणजे वजन वाचवायचं असेल तर पहिली कात्री बॅगेलाच लावावी लागते. साधी, हलकी सॅक घ्यावी आणि तिच्यात पॅडिंगचा सुटा डबा बसवावा. असे इन्सर्ट आता सहज मिळतात. या सॅकचा दुसरा फायदा असा, की ती कॅमेऱ्याची दिसत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात काम करणाऱ्या जिम डोमकी या छायाचित्रकाराने सत्तरच्या दशकात स्वतःसाठी कॅनव्हासची मऊ, खांद्याला लावायची पिशवी बेतून घेतली. त्या काळी धातूच्या पेट्यांचा रिवाज होता. पेटी खाली ठेवून, खटके उघडून लेन्स काढेपर्यंत बातमी निघून जायची. कॅनव्हासच्या पिशवीत चालता चालता हात घालता येई आणि ती अंगालगत बसे. पुढे ती पिशवी जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावर गेली. आपल्याकडचे कितीतरी छायाचित्रकार शबनम वापरत, त्यामागेही हेच शहाणपण होतं.

ओझ्याचा इतिहास पाहिला की आजची सात किलोची कुरकुर ऐकवत नाही. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युअल बोर्न 1863 साली हिंदुस्थानात आला आणि त्याच वर्षी सिमल्याहून हिमालयात शिरला. तेव्हा ओल्या कोलोडियनची पद्धत होती. काचेच्या पट्टीला कोलोडियन लावायचं, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि ओली असतानाच डेव्हलप करायची. मधे वेळ गेला, पट्टी सुकली, की चित्र गेलं. त्यामुळे बोर्नबरोबर कॅमेरा तर होताच, शिवाय अंधारखोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्याही होत्या. पहिल्या सफरीला तीसेक हमाल लागले आणि पुढच्या मोठ्या सफरींना त्याहून कितीतरी अधिक. 1866 मध्ये त्याने मणिरंग खिंडीत, 18,600 फुटांवर फोटो घेतले. इतक्या उंचीवरची छायाचित्रं त्यानंतर वीसेक वर्षं कुणाला काढता आली नाहीत. त्याच्या वृत्तांतांत वाटेत ओझी टाकून पळून गेलेल्या हमालांच्या तक्रारी येतात. खिंडीपर्यंत काचा सुखरूप पोहोचवणाऱ्या आणि तिथून सुखरूप खाली आणणाऱ्या त्या माणसांची नावं मात्र एकाही चित्राखाली नाहीत. ती चित्रं पाहताना बोर्नच्या नजरेइतकंच मला त्यांच्या पाठीचं कौतुक वाटतं.

परतीच्या बॅगेचा सगळ्यात कठोर निर्णय ज्याला घ्यावा लागला तो फ्रँक हर्ली. अर्नेस्ट शॅकलटनच्या अंटार्क्टिक मोहिमेवरचा हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार. जानेवारी 1915 मध्ये त्यांचं ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात रुतलं. महिन्यामागून महिने बर्फाचा दाब वाढत गेला आणि 27 ऑक्टोबरला जहाज सोडावं लागलं. हर्लीच्या काचेच्या निगेटिव्ह जस्ताचं अस्तर दिलेल्या, डाख लावून बंद केलेल्या पेट्यांत होत्या आणि त्या पेट्या चेचलेल्या जहाजाच्या आत पाण्याखाली गेल्या होत्या. हर्ली परत गेला, कपडे उतरवले आणि बर्फाच्या चिखलात बुडी मारून त्याने पेट्या वर काढल्या.

पुढचा प्रसंग मला त्याहून मोठा वाटतो. माणसांना आता बर्फावरून होड्या ओढत न्यायच्या होत्या. वजनावर कडक बंधन होतं. हर्ली आणि शॅकलटन बर्फावर बसले आणि एकेक काच उजेडासमोर धरून पाहू लागले. सुमारे 120 काचा ठेवल्या. चारशेच्या आसपास काचा तिथेच फोडून टाकल्या, म्हणजे मागाहून मन बदलायला जागाच उरू नये. हर्लीने आपले मोठे कॅमेरे आणि लेन्सही तिथेच सोडल्या. जवळ राहिला खिशात मावणारा एक कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल. पुढचे महिने, एलिफंट बेटावरच्या मुक्कामापर्यंतचे, एवढ्यावरच टिपले गेले. 30 ऑगस्ट 1916 ला बेटावरच्या माणसांची सुटका झाली आणि काचा घरी पोहोचल्या. 2022 च्या मार्चमध्ये वेडेल समुद्राच्या तळाशी, 3008 मीटर खोलीवर त्या जहाजाचे अवशेष सापडले. त्या जहाजाचं रूप जगाला आधीच ओळखीचं होतं ते हर्लीने वाचवलेल्या चित्रांमुळे. कॅमेरा टाकून चित्र वाचवणाऱ्या या माणसाची गोष्ट बॅग भरण्याच्या प्रत्येक धड्याच्या आधी सांगायला हवी.

आपल्याकडे वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचं उदाहरण आहे. 1913 मध्ये नवसारीत जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, 1942 पासून दिल्लीत काम. साडी नेसून, सायकलवर कॅमेऱ्याचं सामान लादून त्या दिल्लीभर फिरत. त्यांच्या हातातला स्पीड ग्राफिक म्हणजे मोठा, अवजड कॅमेरा. त्यात फिल्मचा रोल नसतो, एकेक सुटा पत्रा असतो. एका होल्डरमध्ये पुढे-मागे मिळून दोन पत्रे बसतात. म्हणजे बारा फोटो हवे असतील तर सहा होल्डर न्यायचे. फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, त्यामुळे जितके फोटो तितके बल्ब. घरातून निघतानाच ठरवायला लागे, की आजच्या समारंभात किती क्षण टिपण्याजोगे असतील. आज 64 जीबीच्या कार्डात हजारभर फोटो मावतात, त्यामुळे ते ठरवण्याची सवयच मोडली. होमाईंना 2011 मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि 2012 च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे जपलेला आहे. स्वातंत्र्याच्या पहाटेची दिल्ली आज आपल्याला पाहता येते, कारण त्या निगेटिव्ह सायकलवरून घरी आल्या आणि पुढे जपल्या गेल्या.

आता वारीकडे वळू. आळंदीहून माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला निघते, म्हणजे ऐन मृगाच्या सरींत. पुण्याहून सासवडचा टप्पा लांब आणि त्यात दिवे घाटाचा चढ. सकाळी खांद्याला हलकी वाटणारी बॅग घाटाच्या माथ्यावर नकोशी होते. माझा सल्ला ठाम आहे: एक बॉडी, 24-70 सारखी एक लेन्स आणि हवीच असेल तर एक छोटी 35 किंवा 50 ची फिक्स्ड लेन्स. ट्रायपॉड नको. वारीच्या गर्दीत त्याचे पाय इतरांच्या पायात येतात आणि वारकऱ्याच्या वाटेत अडथळा करून काढलेला फोटो काढू नये. लांबच्या लेन्सचा मोह रिंगणासाठी होतो, पण वारी जवळ जाऊन, दोन शब्द बोलून टिपायची गोष्ट आहे.

पावसाची तयारी मात्र कमी करायची नाही. वारकऱ्यांच्या अंगावर पूर्वी पानांचं इरलं असे, आता वाटेवर विकत मिळणारा प्लॅस्टिकचा कागद असतो. तोच कागद कॅमेऱ्यालाही चालतो. लेन्सचं हूड कायम लावलेलं ठेवावं, पुढच्या काचेवर थेंब कमी पडतात. बॅगेला पावसाळी खोळ असली तरी आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी हवी, कारण खोळीतलं पाणी पाठीच्या बाजूने शिरतं. सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे घरातला जुना, मऊ झालेला सुती पंचा. तो पाणी झटकन टिपतो. दोन ठेवावेत, एक ओला झाला की दुसरा. ओला पंचा मात्र बॅगेत कोंबायचा नाही. बंद बॅगेतल्या ओल्या कापडाची वाफ रात्रभर लेन्सच्या आत शिरत राहते. मुक्कामावर पोहोचलं की आधी बॅग पूर्ण रिकामी करून उघडी ठेवायची, मग चहा.

सासवडनंतर पालखी जेजुरीला येते आणि तिच्यावर भंडारा उधळला जातो. तिथला फोटो प्रत्येकाला हवा असतो. त्या फोटोची किंमत कॅमेरा कशी मोजतो ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. भंडारा म्हणजे हळदीची बारीक पूड. ती फ्लॅश बसवायच्या खाचेत बसते, बटणांच्या कडांना पिवळी रेघ धरते, झूमच्या रबरी कड्याच्या प्रत्येक खोबणीत भरते. त्याहून वाईट म्हणजे झूम लेन्स लांब-आखूड होताना हवा आत ओढते आणि हवेबरोबर पूड आत जाते. एकदा ती आतल्या काचेवर बसली, की लेन्स खोलल्याशिवाय निघत नाही. म्हणून जेजुरीत, पट्टणकोडोलीच्या यात्रेत, जोतिबाच्या गुलालात किंवा गणपतीच्या मिरवणुकीत लांबी न बदलणारी फिक्स्ड लेन्स लावावी. बॉडी आणि लेन्सच्या सांध्यावर कागदी चिकटपट्टी मारावी, स्वयंपाकघरातली पातळ क्लिंग फिल्म पूर्ण कॅमेऱ्याभोवती गुंडाळावी, फक्त पुढची काच मोकळी ठेवावी. सबंध दिवस लेन्स बदलायची नाही, कितीही मोह झाला तरी.

संध्याकाळी साफ करतानाही क्रम पाळावा लागतो. आधी कॅमेरा उलटा, तोंड जमिनीकडे धरून रबरी ब्लोअरने फुंकायचं. मग कोरड्या, मऊ ब्रशने खाचा झाडायच्या. कापड शेवटी आणि तेही कोरडं. घाईने ओलं कापड फिरवलं की हळद भिजते आणि रबरावर, पट्ट्यावर कायमचा डाग देते. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे बारीक थेंब उडतात.

ताडोब्याची बॅग याहून वेगळी. तिथे लांब लेन्स हवीच, पण जिप्सीत ट्रायपॉडला जागा नसते. मुरलेले वन्यजीव छायाचित्रकार बीन बॅगची रिकामी कापडी खोळ नेतात. तिचं वजन नगण्य. चंद्रपूर हा भाताचा मुलूख. तिथे पोहोचल्यावर चार-पाच किलो तांदूळ घ्यायचा, तो पिशवीसकट खोळीत भरायचा आणि जिप्सीच्या दांडीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवायची. लेन्स डगमगत नाही, आणि परतताना तांदूळ मुक्कामाच्या जागी स्वयंपाकघरात देऊन टाकायचा. विमानात पाच किलोचं ओझं वाचतं आणि अन्नही वाया जात नाही. मला ही युक्ती फार आवडते. धुळीसाठी उशीचा जुना अभ्रा लेन्सवर घालावा. धावत्या जिप्सीत कॅमेरा तळाशी ठेवू नये. मांडीवर किंवा बीन बॅगवर धरला की हादरे शरीर पचवतं. मोटारसायकलच्या डिकीत कॅमेरा ठेवून घाट चढणाऱ्यांसाठीही हेच. इंजिनाच्या सततच्या थरथरीने लेन्समधले बारीक स्क्रू सैल होतात. मोटारसायकलच्या अशा कंपनांमुळे फोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने 2021 मध्ये दिला होता. स्थिरतेची यंत्रणा असलेल्या लेन्सलाही तो लागू धरावा. एसटीत बॅग वरच्या फळीवर किंवा डिकीत टाकू नये, मांडीवर घ्यावी. मुंबईच्या लोकलमध्ये सॅक पुढे, छातीशी.

विमानाच्या बाबतीत एक नियम पाठच असावा. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात. कारण सरळ आहे. बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये माणसं धावून येतात, पोटातल्या सामानात ते कळेपर्यंत उशीर होतो. मर्यादा वॅट-अवरमध्ये मोजतात. व्होल्ट आणि मिलिअँपिअर-अवर यांचा गुणाकार करून हजारने भागायचं. सोनीची 7.2 व्होल्टची, 2280 मिलिअँपिअर-अवरची बॅटरी जेमतेम 16.4 भरते. 20,000 ची पॉवर बँक 3.7 व्होल्टने 74 होते. शंभरपर्यंत अडचण नाही. शंभर ते एकशेसाठमध्ये विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. त्यावरची प्रवाशाला नेताच येत नाही. मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या 98 च्या बनवतात, त्या याचसाठी. प्रत्येक सुट्या बॅटरीला प्लॅस्टिकची टोपी हवी, नसेल तर धातूच्या टोकांवर चिकटपट्टी. बॅगेतल्या किल्लीने किंवा नाण्याने ती टोकं जोडली गेली तर बॅटरी तापते.

एटीआरसारख्या छोट्या विमानात डोक्यावरचे कप्पे लहान असतात आणि शिडीपाशीच मोठी बॅग काढून घेतात. अशा वेळी बॅटऱ्या आणि कार्डांची डबी एका छोट्या पिशवीत आधीच वेगळी असली, की ती उचलून खिशात टाकता येते आणि बॅग निर्धास्तपणे देता येते. फिल्मवर काम करणारी नवी पिढी पुन्हा दिसते आहे, तिच्यासाठी एवढंच: न धुतलेली फिल्म चेक-इन सामानात कधीही टाकू नका, तिथली क्ष-किरणं तीव्र असतात. नव्या सीटी स्कॅनरमधून तर कुठल्याच वेगाची फिल्म नेऊ नये, असा कोडॅकचाच इशारा आहे. रोल पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हाताने तपासण्याची विनंती करा.

परदेशी निघालेल्यांनी जातानाच विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्यावं. बॉडी आणि लेन्सचे क्रमांक त्यावर लिहिलेले असतात, त्यामुळे परतताना हे सामान इथूनच नेलेलं आहे हे दाखवता येतं. बिलांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. चित्रपट युनिटचं मोठं सामान असेल तर एटीए कार्नेट लागतं आणि भारतात ते ‘फिक्की’ देते.

आपल्या हवेत परतीच्या बॅगेचा सर्वांत मोठा शत्रू घरातच भेटतो. सफरीहून येतो, दमलेलो असतो, बॅग कपाटावर टाकतो आणि ती पुढच्या सफरीलाच उघडते. मधे कोकणातला किंवा मुंबईचा पावसाळा येतो, हवेतली आर्द्रता ऐंशीच्या वर जाते, पॅडिंगचा फोम ती धरून ठेवतो आणि लेन्सच्या आत बुरशी लागते. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर अशी लेन्स पाहा. तो मागून छोटी विजेरी धरतो आणि काचेच्या कडेने कोळिष्टकासारखे पांढरे तंतू आत आत गेलेले दिसतात. बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं. लवकर कळलं तर पुसून निघते, उशीर झाला तर काचेवर तिचा नकाशा कायमचा राहतो. चामड्याची खोळ दिसायला देखणी, पण साठवणीला सगळ्यात वाईट, कारण चामड्यावर बुरशी पोसते.

त्यावरचा उपाय महाग नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, तळाशी सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिला पाहिजे. फार कोरडंही नको, वंगण सुकतं. जेलचे दाणे रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरता येतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे कोबाल्टचे असतात, ते टाळावेत आणि नारिंगी घ्यावेत. कुठलेही असोत, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नयेत. वातानुकूलित खोलीतून एकदम समुद्रकाठी आलं की लेन्सवर दव धरतं. तेव्हा बॅग अर्धा तास बंदच ठेवावी, सामान बाहेरच्या हवेला सरावू द्यावं. स्पितीच्या थंडीतून उबदार खोलीत येतानाही तसंच.

आता कार्डं. दिवस संपला की बॅगेतली सगळ्यात मौल्यवान वस्तू ती असतात आणि बहुतेक जण ती कॅमेऱ्यातच ठेवून झोपतात. मग चोर कॅमेरा नेतो तेव्हा चित्रंही जातात. भरलेलं कार्ड कॅमेऱ्यातून काढून कडक डबीत, डबी आतल्या खिशात, आणि खिसा अंगावर. दोन कार्डांच्या कॅमेऱ्यात दोन्हींवर एकाच वेळी लिहायला लावावं आणि रात्री एक बाहेर काढावं. लॅपटॉप असेल तर एसएसडीवर प्रत करावी आणि ती एसएसडी लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला संकेत सोपा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. घरी दोन प्रती होईपर्यंत कार्ड पुसायचं नाही. त्यासाठी सुटी कार्डं जास्त न्यावी लागतात. ती न्या, त्यांचं वजन कितीसं असतं!

चित्र दुसऱ्या ठिकाणी पोहोचवण्याचं मोल स्पेनच्या यादवी युद्धाच्या निगेटिव्हनी दाखवलं. रॉबर्ट कापा, गेर्डा तारो आणि ‘चिम’ या नावाने ओळखले जाणारे डेव्हिड सेमूर यांनी काढलेल्या त्या फिल्म पॅरिसमध्ये कापाच्या स्टुडिओत होत्या. जर्मन सैन्याचं संकट पॅरिसवर आलं तेव्हा कापाच्या अंधारखोलीत काम करणाऱ्या इम्रे वाइझने, त्याला चिकी म्हणत, त्या पाठपिशवीत भरल्या आणि सायकलवरून बोर्दोच्या दिशेने नेल्या. तिथे रस्त्यात भेटलेल्या एका चिलीच्या माणसाला त्या वकिलातीत सुरक्षित ठेवायला दिल्या. पुढे वाइझ पकडला गेला, नंतर मेक्सिकोत पोहोचला आणि तिथेच राहिला. निगेटिव्ह मात्र हरवल्या. तारो 1937 मध्येच युद्धात गेली होती. कापा 1954 मध्ये गेला, चिम 1956 मध्ये. त्या निगेटिव्ह एका मेक्सिकन मुत्सद्द्यामार्फत मेक्सिकोत गेल्या होत्या आणि ज्या शहरात वाइझने उरलेलं आयुष्य काढलं त्याच शहरात होत्या. 2007 च्या डिसेंबरात पुठ्ठ्याच्या तीन खोक्यांतल्या सुमारे 4500 निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण केंद्रात पोहोचल्या. खोक्यांत खण पाडलेले होते, खणाखणांत रोल आणि झाकणांवर हाताने लिहिलेल्या नोंदी. त्या नोंदींमुळे कुठली फिल्म कुठल्या लढाईची हे लावता आलं. बांधणाऱ्याने पळापळीतही नावनिशी जपली होती.

म्हणून बॅगेत एक छोटी वही आणि पेन्सिल हवीच. पाऊस असेल तर शाई फुटते, पेन्सिल टिकते. ताडोब्याच्या सफारीत मोबाइल नेता येत नाही, तिथेही वहीच कामाला येते. फोटोचा क्रमांक, गाव, माणसाचं नाव आणि त्याने आपणहून दिला तर पत्ता. वारीत एखाद्या मावशींचा फोटो काढला की त्या हमखास विचारतात, “मला कवा दावनार?” आपण “पाठवतो” म्हणतो. त्यांचा पत्ता लिहून घेतला नसेल तर ते पाठवणं कधी होत नाही.

आषाढी होऊन जाते, गणपतीही उठतात. यंदाच्या वारीचे, जेजुरीचे, मिरवणुकीचे फोटो अजून कार्डावरच असतील तर पुढच्या सुट्टीत दोन प्रती करून ठेवा. बॅग रिकामी करून उन्हात झटका. मग वही उघडून ज्यांची नावं त्यात आहेत त्यांच्या फोटोंच्या छापील प्रती काढा. फोटो-स्टुडिओत साध्या आकाराची प्रत आजही स्वस्तात मिळते. पाकिटावर पत्ता मराठीत, स्वच्छ अक्षरात लिहा, पिनकोड घाला आणि पोस्टात टाका.